बडोद्यात राहून मनोविकारांच्या आनुवंशिकतेवर संशोधन: सुरुवात वंशवृक्षापासून

मनोविकारांच्या जनुकांवर पीएचडी करायची ठरली की विद्यार्थी आधी प्रयोगशाळा शोधतो आणि मग सिक्वेन्सिंगला पैसे कुठून येतील याची विवंचना करत बसतो. क्रम उलटा धरावा. या विषयातलं काम मशीनवर फारसं बिघडत नाही. ते बिघडतं रुग्णाच्या घरी, समोर चहा ठेवलेला असताना, 'भाऊ' या शब्दाखाली सख्खा की चुलत हे न विचारता चौकोन काढला तेव्हा. म्हणून इथे वंशवृक्षाला सर्वात जास्त जागा दिली आहे.

फेलोशिपचं आधी उरकून टाकू. सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेतून जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) निघाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफला (सीनिअर फेलोशिपला) ४२,००० मिळतात (हे दर जानेवारी २०२३ पासूनचे), शिवाय घरभाडे भत्ता. आयसीएमआर (वैद्यकीय संशोधन परिषद) आणि डीबीटी (जैवतंत्रज्ञान विभाग) यांच्याही फेलोशिप असतात, त्याही पाहाव्यात. बीएस्सीला झूऑलॉजी होतं की बायोकेमिस्ट्री याने फरक पडत नाही. आर ही संगणकभाषा, लिनक्सचं टर्मिनल आणि पायाशुद्ध संख्याशास्त्र येत नसेल तर मात्र तिसऱ्या वर्षी रडावं लागतं. मार्गदर्शक दोन हवेत, एक आनुवंशिकीचा आणि एक मनोविकारतज्ज्ञ. बडोद्यात हे जमण्यासारखं आहे. एमएस विद्यापीठाचे विज्ञान विभाग, त्याच विद्यापीठाचं मेडिकल कॉलेज व त्याला जोडलेलं एसएसजी हॉस्पिटल, आणि कारेलीबागेतलं मानसिक आरोग्याचं सरकारी रुग्णालय, सगळं एका शहरात आहे. दुसऱ्या मार्गदर्शकाचं नाव फक्त अर्जावर असेल तर त्याचा उपयोग नाही. आठवड्यातला एक दिवस त्याच्या ओपीडीत बसायला मिळेल का, हे प्रवेशाआधीच स्पष्ट विचारून घ्या.

प्रश्न कोणता घ्यावा

जुळ्यांच्या अभ्यासांत स्किझोफ्रेनियाची आनुवंशिकता (माणसामाणसांतल्या फरकात जनुकांचा वाटा) ८० टक्क्यांच्या आसपास येते, नैराश्याची ३७ टक्क्यांच्या. हे आकडे वाचले की वाटतं, २०० रुग्ण आणि २०० निरोगी माणसं घेऊ, सेरोटोनिन ट्रान्सपोर्टर नाहीतर बीडीएनएफ असं एखादं गाजलेलं जनुक तपासू, झाला प्रबंध. असे प्रबंध ढिगाने झाले आणि त्यातून हाती काही लागलं नाही. २०१९ साली नैराश्याच्या १८ गाजलेल्या जनुकांची परीक्षा लाखो लोकांच्या माहितीवर घेतली गेली, तेव्हा ती कुठल्याही ऐऱ्यागैऱ्या जनुकापेक्षा सरस ठरली नाहीत. कारण असं की डीएनएतल्या एखाद्या सामान्य बदलाने धोका वाढतो तो ५-१० टक्क्यांनी, आणि एवढासा फरक दिसायला हजारो रुग्ण लागतात. सायकियाट्रिक जीनोमिक्स कन्सॉर्शियम या संशोधकसमूहाला २०१४ मध्ये डीएनएवर स्किझोफ्रेनियाशी निगडित १०८ जागा सापडल्या, त्यासाठी ३६,९८९ रुग्ण लागले. २०२२ मध्ये त्या २८७ झाल्या, तेव्हा रुग्ण होते ७६,७५५.

एकट्या विद्यार्थ्याच्या आवाक्यात तीन गोष्टी येतात. एकाच घरात तीन-चार जण गंभीर आजारी असलेली कुटुंबं शोधायची, एक्सोम (डीएनएतला प्रथिनं बनवणारा भाग) वाचायचा आणि गुणसूत्रांचे तुटलेले किंवा दुणावलेले तुकडे पाहायचे. किंवा औषधांच्या बाजूने जायचं: लिथियम कुणाला लागू पडतं, कार्बामाझेपिनने अंगावरची कातडी सोलून निघण्याचा धोका कुणाला (इथे एचएलए-बी १५:०२ हा प्रकार तपासतात). तिसरा मार्ग म्हणजे मोठ्या समूहप्रकल्पात शिरून बारकाईने तपासलेले रुग्ण जमवायचे. पुढचं विवेचन पहिल्या मार्गाला धरून आहे, पण वंशवृक्ष आणि निदान तिन्हीकडे लागतं.

परवानगी

संस्थेच्या नीतिसमितीकडे अर्ज गेल्यापासून तीन-चार महिने हाताशी धरा. संमतीपत्रक मराठी आणि गुजराती दोन्हीत हवं. एकाने केलेलं भाषांतर दुसऱ्याकडून मूळ भाषेत परत करून घ्यावं, म्हणजे 'जनुकीय चाचणी'चं 'वंशाची तपासणी' झालेलं वेळीच लक्षात येतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ९९ नुसार संमती रुग्णाची स्वतःची लागते. तो ती देण्याच्या स्थितीत नसेल तर केवळ घरच्यांच्या सहीवर रक्त घेता येत नाही, राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते. रुग्ण सावरेपर्यंत थांबणं हा यावरचा सोपा उपाय आहे. सहा आठवड्यांनी तोच माणूस स्वतः वाचून सही करतो. नमुने परदेशी पाठवायचे असतील तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी वेगळी, आणि तिला वेळ लागतो.

वंशवृक्ष काढताना

ए-३ आकाराचा कागद आडवा धरा. पेन्सिल आणि खोडरबर घ्या, पेन नको. रुग्णाची पिढी कागदाच्या मधोमध येऊ द्या. वर आईवडील व आजीआजोबा, खाली मुलं. पुरुष चौकोन, स्त्री वर्तुळ, आजारी असेल तर भरीव, गेलेला असेल तर तिरकी रेघ, लिंग माहीत नसेल तर तिरपा ठेवलेला चौकोन, गर्भपात असेल तर लहान त्रिकोण. ज्याच्यामुळे आपण या घरात आलो त्याला बाण. पिढ्यांना रोमन आकडे द्या, त्या पिढीतल्या माणसांना डावीकडून उजवीकडे साधे. भावंडं जन्माच्या क्रमाने. प्रत्येकाखाली आजचं वय किंवा मृत्यूचं वय, आणि आजार असेल तर तो सुरू झाल्याचं वय. कोपऱ्यात तारीख आणि माहिती कुणी दिली ते. ही तारीख पुढे फार कामाला येते.

दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात आजी बसल्या आहेत असं समजा.

"आजी, तुम्ही सख्खी भावंडं किती?"
"पाच."
"लहानपणी गेलेली धरून?"
"मग सात."
"यात चुलत कुणी नाही ना?"
"बापू चुलतच, पण आमच्यातच वाढला."

म्हणजे सहा. तीन प्रश्नांत तीन वेगळे आकडे, आणि आजी एकदाही खोटं बोललेल्या नाहीत. म्हणून प्रत्येक पिढीला हे तिन्ही प्रश्न विचारायचेच. चौथा प्रश्न सावत्र आणि दत्तक यांचा; तो सगळ्यांसमोर न विचारता निघताना दारात विचारावा.

मराठी घराने आपल्याला एक देणगी दिली आहे. आत्या, मावशी, काका, मामा, चुलत, मावस, आते, मामे या शब्दांतच बाजू कळते, 'कझिन' म्हटल्यावर होणारा घोळ होत नाही. पण नावांचा घोळ वेगळा. लग्नात मुलीचं नाव बदललं असेल तर माहेरची 'कुसुम' आणि सासरची 'वैशाली' या दोन बायका म्हणून कागदावर उतरतात, त्यातली एक आजारी आणि एक निरोगी. दर स्त्रीचं माहेरचं नाव, सासरचं नाव आणि घरातली हाक अशी तिन्ही लिहा. बापू, अण्णा, माई, अक्का ही नावं नव्हेतच. एका घराण्यात तीन बापू सहज निघतात.

काहींकडे छापील कुलवृत्तांत असतो, काही जण नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीतली नामावळ काढून देतात. पिढ्या जुळवायला या गोष्टी उत्तम, पण मुलींच्या शाखा तिथे बहुधा लग्नापाशी थांबतात, आणि आजाराचा उल्लेख तर असणारच नाही. जनुकं मुलींकडूनही तितकीच पुढे जातात. आत्यांच्या आणि मावश्यांच्या घरी स्वतः जावं लागतं, मग ते बडोद्यातल्याच वाडी भागात असो की इंदूरला.

आजारासाठी घराघरात जे शब्द वापरतात ते उलगडून घ्या. 'डोक्यावर परिणाम झाला' हे तापातल्या वाताबद्दलही म्हणतात. 'अंगात यायचं' म्हणजे आजार असेलच असं नाही. ते सणावारापुरतं होतं की महिनोन्‌महिने, त्या काळात जेवण-झोप सुटत होती का, हे विचारा. 'विहिरीत पडली', 'घर सोडून गेला', 'नर्मदेकाठी गेला तो आलाच नाही' या वाक्यांपाशी पेन्सिल थांबवायची आणि त्याआधीचे सहा महिने कसे गेले ते हळूच विचारायचं. गुजराती सून 'मगज छटक्युं' म्हणाली तर ती बहुधा रागाबद्दल बोलते आहे, वेडाबद्दल नव्हे. शब्द जसा ऐकला तसा समासात लिहा आणि निदान मागाहून करा.

नात्यातलं लग्न असेल तर जोडप्यामध्ये दुहेरी रेघ. आतेभाऊ-मामेबहिणीचं लग्न पुष्कळ मराठी घरांत चालतं आणि कुणी ते आपण होऊन सांगत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही वाटतच नाही. साटंलोटं झालं असेल तर तेही नोंदवा. तिथे नवराबायकोत रक्ताचं नातं नसतं, पण दोन्ही जोडप्यांची मुलं एकमेकांची दुहेरी आते-मामे भावंडं होतात. साध्या आते-मामे भावंडांत आठवा हिस्सा डीएनए सामाईक असतो, यांच्यात चौथा. हे कागदावर नसेल तर दोन वर्षांनी संगणकावर हा चौथा हिस्सा पाहून कुणीतरी शंका काढतं की ही सावत्र भावंडं तर नाहीत?

निदान

जो आजारी नाही तो निरोगी, असं धरून चालत नाही. स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर सहसा पंधरा ते तिशीच्या दरम्यान उघडे पडतात, म्हणून १७ वर्षांच्या मुलाचा चौकोन रिकामा ठेवताना 'अज्ञात' असं लिहावं. अमेरिकेतल्या आमिश समाजाच्या एका मोठ्या घराण्यावरून १९८७ मध्ये 'नेचर'मध्ये बायपोलरचं जनुक ११ व्या गुणसूत्रावर असल्याचं छापून आलं. १९८९ मध्ये घराण्याची फेरतपासणी झाली. दरम्यान आधी निरोगी धरलेल्यांपैकी दोघे आजारी पडले होते, नव्या शाखाही जोडल्या गेल्या आणि पुरावा कोसळला.

मुलाखत ठरीव साधनाने घ्या. आनुवंशिक अभ्यासांसाठी डिग्ज ही लांबलचक मुलाखत आहे, दोन-तीन तास खाते. नातेवाइकांकडून माहिती घ्यायला फिग्ज. मिनी ही मुलाखत लहान आहे, पण आयुष्यभराचा आलेख तीत नीट सापडत नाही. शेवटचं निदान दोन मनोविकारतज्ज्ञांनी एकमेकांचं न पाहता, मुलाखत, केसपेपर आणि नातेवाइकांचं म्हणणं तिन्ही वाचून करायचं. मग दोघांचं किती जमतं ते मोजा. समजा ५० जणांपैकी २० जणांना दोघांनीही बायपोलर म्हटलं, २२ जणांना दोघांनीही नाही म्हटलं, आणि ८ जणांबाबत मतभेद झाला, चार-चार. एकमत ८४ टक्के दिसतं, पण नुसत्या योगायोगानेही ५० टक्के जमलं असतं. तो भाग वजा करून उरलेल्या ५० टक्क्यांनी भागलं की एकमताचा मापांक, म्हणजे कॅपा, ०.६८ येतो. ०.६ च्या खाली गेलं तर गोळा करणं थांबवा आणि दोघांना एकत्र बसवून वादाच्या केसेस वाचून घ्या. डीएसएम-५ या निदानपुस्तिकेच्या चाचण्यांत नैराश्याचा कॅपा अवघा ०.२८ आला होता. म्हणून पहिल्या प्रबंधासाठी नैराश्य घेऊ नये असं आमचं मत आहे.

हुबेहूब मनोविकारासारखे दिसणारे आजार आधी चाळा. थायरॉइड, अपस्मार, स्टिरॉइड, भांग आणि दारू. शाकाहारी घरात बी-१२. दर पिढीत निम्मे आजारी, शिवाय 'चालताना नाचल्यासारखा करायचा' असं ऐकलं तर तो हंटिंग्टन हा मेंदूचा आनुवंशिक आजार असू शकतो. त्या जनुकात सीएजी हा तुकडा ४० किंवा त्याहून जास्त वेळा आला की आजार नक्की. नात्यातल्या लग्नाचं घर, तरुण मुलगा, वागणं बदललेलं आणि हात थरथरणारा असेल तर विल्सन (शरीरात तांबं साचण्याचा आजार) तपासा. तो औषधाने आटोक्यात येतो, आणि तो चुकवणं हा गुन्हाच. लहानपणी टाळू दुभंगलेली किंवा हृदयाला भोक होतं का, हेही विचारा. २२ व्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळालेल्या लोकांत चौघांतल्या एकाला सायकोसिस (भास-भ्रमांचा आजार) होतो, आणि साध्या कॅरिओटाइपमध्ये (गुणसूत्रांच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीत) हा तुकडा गेलेला दिसत नाही.

रक्त आणि डीएनए

जांभळ्या टोपीची ईडीटीए नळी, ५ ते १० मिली. हिरव्या टोपीची नको, तिच्यातलं हेपरिन पीसीआरला (डीएनएच्या प्रती काढण्याला) अडवतं. भरल्याबरोबर नळी आठ-दहा वेळा हलकेच उलटी-सुलटी करा. खळखळवली तर लाल पेशी फुटतात, न हलवता ठेवली तर गाठ होते आणि गाठीतून डीएनए नीट निघत नाही. बडोद्याच्या मे महिन्यात डिकीत पारा कुठे जातो ते सांगायला नको. थंड जेलपॅकचा डबा घ्या, पण नळ्या आणि जेलपॅक यांच्यात टॉवेल ठेवा. टेकलेली नळी गोठते. ४ अंशांवर तीन-चार दिवस चालतं, पुढे उणे २० किंवा उणे ८०. नळीवर नाव नसावं, फक्त क्रमांक, तोही नळी भरण्याआधी चिकटवलेला. क्रमांक आणि नाव यांची यादी वेगळ्या कुलुपात.

एक मिली रक्तात साधारण ७० लाख पांढऱ्या पेशी, प्रत्येकीत ६.६ पिकोग्रॅम डीएनए, म्हणजे ४६ मायक्रोग्रॅम. हाती २० ते ३५ येतो. मिठाने प्रथिनं खाली बसवण्याची १९८८ ची पद्धत स्वस्त आणि भरवशाची आहे. आधी अमोनियम क्लोराइडच्या द्रावणाने लाल पेशी फोडून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं आणि वरचं ओतून द्यायचं. तळाची गोळी गुलाबी असेल तर पुन्हा, पांढरी होईपर्यंत. इथे घाई केली की हीम मागे राहतं आणि पुढचा प्रत्येक पीसीआर रुसतो. मग ३ मिली केंद्रक-विलयन द्रावण (ट्रिस १० मिलिमोलर, मीठ ४००, ईडीटीए २, पीएच ८.२), ०.२ मिली १० टक्के एसडीएस (साबणासारखं रसायन) आणि ०.५ मिली प्रोटिनेज-के (प्रथिनं पचवणारं) द्रावण. रात्रभर ३७ अंशांवर. सकाळी १ मिली संपृक्त मीठ घालून १५ सेकंद जोरात हलवा (याच एका टप्प्यावर जोर चालतो), मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर १५ मिनिटं फिरवा. वरच्या द्रवात दुप्पट इथेनॉल घालून नळी सावकाश उलटवत राहा. कापूस पिंजल्यासारखे पांढरे तंतू वर येतात. ते काचेच्या काडीवर गुंडाळा, ७० टक्के इथेनॉलमध्ये बुडवून काढा आणि टीईमध्ये (ट्रिस-ईडीटीएच्या द्रावणात) सोडा. तंतू दिसलेच नाहीत तर फेकू नका. आणखी फिरवून पाहा, बहुधा पेशी कमी होत्या.

डीएनए किती शुद्ध ते पाहायला २६० आणि २८० नॅनोमीटरवर प्रकाश किती शोषला जातो ते मोजतात; २६०/२८० चं गुणोत्तर १.८ च्या आसपास हवं. १.७ खाली म्हणजे प्रथिनं उरली, २ च्या वर म्हणजे आरएनए. २६०/२३० दोनच्या खाली घसरलं तर मीठ धुतलं गेलेलं नाही. नॅनोड्रॉप हे यंत्र डीएनएचं प्रमाण फुगवून सांगतं, क्युबिट या यंत्रावर मोजा. ०.८ टक्के अगरोज जेलवर एक घट्ट पट्टा वर दिसायला हवा. खालपर्यंत धूर दिसला तर डीएनए तुटलेला आहे.

प्लेट आणि पडताळणी

डीएनएचे नमुने ज्या ९६ खणांच्या प्लेटमधून मशीनला देतात, तिच्यावर रुग्ण एकीकडे आणि निरोगी दुसरीकडे भरले की त्या दिवसाचं तापमानसुद्धा 'जनुक' म्हणून निकालात येतं. चिठ्ठ्या टाकून मिसळा. एक खण रिकामा ठेवा, पण मधला नाही, एका कोपऱ्याशेजारचा, म्हणजे प्लेट उलटी बसली तर कळेल. एक नमुना मुद्दाम दोनदा घाला.

डेटा आला की पहिलं काम लिंग जुळवणं. प्लिंक या संगणक-प्रणालीत एक्स गुणसूत्राचा एफ हा आकडा पुरुषात ०.८ च्या वर, स्त्रीत ०.२ च्या खाली. कागदावर वैशालीताई आणि डेटात पुरुष निघाला तर नळी बदलली आहे, आणि बदल एकटा नसतो, शेजारचीही तपासा. मग नातं, म्हणजे डीएनएचा सामाईक हिस्सा: आईवडील-मूल आणि सख्खी भावंडं ०.५, काका-पुतणे ०.२५. वडील वेगळे असल्याचं दिसलं तर ते संशोधकाच्या यादीबाहेर जाता कामा नये. हार्डी-वाइनबर्गचा निकष (जनुकप्रकारांचं प्रमाण अपेक्षेप्रमाणे आहे का ते पाहणारा) निरोगी गटावर लावा, रुग्णांवर नको.

बडोद्यात खास घोटाळा होतो तो समाजांचा. रुग्ण मराठी घरांतले आणि तुलनेचा गट होस्टेलमधल्या गुजराती विद्यार्थ्यांचा असला, तर निकालात ठळक फरक दिसतील आणि ते सगळे मराठी-गुजरातीचे असतील, आजाराचे नव्हेत. शिवाय ते विद्यार्थी विशीतले, आजाराचं वय अजून न ओलांडलेले. १००० जीनोम प्रकल्पात ह्यूस्टनमधल्या गुजरात्यांचा गट आहे, मराठी गट नाही, तेव्हा 'जगात कुठेच नाही' असा दुर्मीळ बदल सापडला म्हणून हुरळून जाऊ नका. तो मराठी माणसांत सर्रास असेल. इंडिजेन आणि जीनोम इंडिया या भारतीयांच्या प्रकल्पांत अनुक्रमे १,०२९ आणि सुमारे १०,००० जीनोम आहेत, आधी तिथे शोधा, मग आपल्याच यादीतल्या निरोगी मराठी माणसांत.

बदल घरातल्या सगळ्या आजाऱ्यांत आहे एवढ्याने भागत नाही. मायोसिसची (पालकाकडून मुलाकडे जनुक जाण्याची) एक माहितीपूर्ण पायरी लॉड स्कोअरमध्ये (बदल आणि आजार एकत्र चालतात याच्या पुराव्याच्या गुणांत) फार तर ०.३ ची भर घालते. पुरावा मानायला लागणारे ३ गाठायला अशा दहा पायऱ्या लागतात, आणि पाचसहा जणांच्या घरात त्या नसतात. इथे पुन्हा त्या आत्याचं घर आठवतं, जिथे जायचं राहून गेलं.

पुन्हा त्या घरी

वर्षातून एकदा वंशवृक्ष घेऊन परत जा, जुन्या तारखेखाली नवी तारीख घाला आणि वयं बदला. घरचे विचारतात ते एकच: मुलीचं लग्न जमवताना काय सांगू? आकडे तोंडपाठ असावेत. स्किझोफ्रेनिया शंभरात एकाला होतो. सख्ख्या भावंडाला असेल तर शंभरात नऊ-दहांना, म्हणजे नव्वदांना होत नाही. अगदी एकसारख्या जुळ्यांतही निम्म्यांच्या आसपासच. ज्याची संशोधनातली चाचणी झाली त्याच्या निकालावरून सल्ला देऊ नका. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नवं रक्त देऊन खात्री झाल्याशिवाय तो निकाल नव्हे. समुपदेशकाची चिठ्ठी द्या. आणि काकांनी सांगितलेलं आत्याला सांगू नका, तिने कितीही खोदून विचारलं तरी.